चालू डेटाबेसचा स्कीमा बदलताना: पायऱ्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

कोड आणि टेबल दोन्ही एकाच क्षणी बदलतात असं गृहीत धरून लिहिलेलं मायग्रेशन, म्हणजे स्कीमा (टेबलांची रचना) बदलणाऱ्या आज्ञांची फाइल, लॅपटॉपवर नीट चालतं आणि प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर, फसतं. चार सर्व्हरवर डिप्लॉय, म्हणजे नवा कोड चढवणं, चालू असताना दोनांवर जुना कोड असतो, दोनांवर नवा, आणि खाली डेटाबेस मात्र एकच. रांगेतली कामं उपसणारा वर्कर तर हातातलं काम संपेपर्यंत जुनाच कोड घेऊन बसलेला असतो. म्हणून एक अट कायम पाळायची: प्रत्येक पायरीनंतर टेबल असं असलं पाहिजे की त्यावर कालचा कोडही चालेल आणि आजचाही.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'ऑर्डर्स' नावाचं टेबल आहे. त्यात 'रक्कम' हा कॉलम डबल प्रिसिजन प्रकारचा आहे, म्हणजे रुपये दशांशात ठेवलेत. बेरजेत पैशापैशाचा फरक पडतोय, म्हणून 'रक्कम_पैसे' असा बिगइंट, म्हणजे मोठ्या पूर्णांकांचा, कॉलम हवा आहे. बहुतेक जण एका मायग्रेशनमध्ये कॉलमचा प्रकार बदलतात आणि मोकळे होतात. पण डबल प्रिसिजनचा बिगइंट करताना पोस्टग्रेस अख्खं टेबल नव्याने लिहितं, आणि तोवर त्या टेबलावर वाचणंसुद्धा बंद असतं. हाच बदल टेबल बंद न ठेवता करायला चार ते पाच डिप्लॉय लागतात. वेळ जास्त जातो, पण ग्राहकाची ऑर्डर अडकत नाही.

## १. बदल फाइलमध्येच लिहा

फ्लायवे, लिक्विबेस, अलेंबिक, जँगो किंवा रेल्सची मायग्रेशन्स, यांपैकी काहीही वापरा. कुठली फाइल लागू झाली याची नोंद ही साधनं डेटाबेसमध्येच ठेवतात. ही नोंद खरी राहिली पाहिजे, आणि ती दोन सवयींमुळे खोटी पडते.

पहिली सवय म्हणजे घाईत प्रॉडक्शनवर थेट एखादा इंडेक्स (शोध वेगाने व्हावा म्हणून बनवलेली सूची) टाकणं आणि 'नंतर फाइल करू' म्हणणं. ती फाइल राहून जाते. महिन्याभराने स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, तीच क्वेरी संथ चालते आणि कारण कुणालाच कळत नाही. दुसरी सवय म्हणजे लागू झालेली फाइल उघडून त्यातच दुरुस्ती करणं. फ्लायवे प्रत्येक फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेली खूण) ठेवतं, त्यामुळे तिथे पडताळणी अडते आणि चूक लगेच उघडी पडते. जँगोसारखी साधनं फक्त फाइलचं नाव नोंदवतात, तिथे चूक दिसतच नाही. ज्याच्याकडे जुनी फाइल आधीच चालली, त्याचा डेटाबेस वेगळा आणि नव्याने उभा केलेला वेगळा.

सावधान: एकदा दुसऱ्या कुणाच्या मशीनवर चाललेली फाइल बंद झाली असं समजा. दुरुस्ती नव्या फाइलमध्येच.

तपासा: प्रॉडक्शनचा फक्त स्कीमा पीजी डंप या पोस्टग्रेसच्या साधनाने काढा, रिकाम्या डेटाबेसवर सगळी मायग्रेशन्स पहिल्यापासून चालवून त्याचाही काढा, आणि दोन्ही फाइलींची तुलना करा. फरक निघाला तर आधी तो मिटवा, मगच नव्या बदलाला हात घाला.

## २. या कॉलमवर कोण कोण अवलंबून आहे ते शोधा

रिपॉझिटरीत 'रक्कम' शोधून भागत नाही. कॉलम वाचणारे बरेच जण कोडच्या बाहेर असतात: हिशेब विभागाचा महिनाअखेरचा रिपोर्ट, डॅशबोर्डमध्ये कुणीतरी लिहून ठेवलेली क्वेरी, रात्री चालणारी क्रॉनची स्क्रिप्ट, डेटा वेअरहाउसकडे नेणारी पाइपलाइन. डेटाबेसच्या आतही व्ह्यू (नाव देऊन साठवलेल्या क्वेरी), ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) आणि फंक्शन्स असतात.

आतल्यांमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. कॉलम एखाद्या व्ह्यूमध्ये असेल, तर तो काढताना पोस्टग्रेस अडवतं आणि व्ह्यूचं नाव सांगतं. पण पोस्टग्रेसच्या पीएल-पीजीएसक्यूएल या भाषेत लिहिलेल्या फंक्शनच्या पोटात काय आहे, हे ते अवलंबित्व म्हणून नोंदवत नाही. कॉलम बिनबोभाट निघून जातो आणि फंक्शन पुढच्या वेळी चालेल तेव्हा फुटतं. म्हणून फंक्शनांचा मजकूर 'पीजी प्रोक' या कॅटलॉगमधून शब्द शोधून पाहावाच लागतो.

सावधान: कॉलम काढताना पोस्टग्रेसने अडवलं म्हणून 'कॅस्केड' लावू नका. अवलंबून असलेले व्ह्यू त्याबरोबर उडतात, आणि त्यांवरचे परवानेही.

## ३. डेटाकडे बघा, मग बॅकअपकडे

रूपांतर लिहिण्याआधी जुन्या ओळी पाहा. रिकाम्या किती, ऋण किती, दोनपेक्षा जास्त दशांश स्थळं असलेल्या किती. कुठेतरी एखादी रक्कम तीन जणांत वाटली गेली असेल तर ३३.३३३३ अशा ओळी सापडतील. त्यांचे ३,३३३ पैसे करायचे की राहिलेला पैसा कुणाच्या तरी माथी टाकायचा, हा प्रश्न प्रोग्रामरने एकट्याने सोडवायचा नाही. तो हिशेबाच्या माणसाला विचारा, आणि उत्तर मायग्रेशनच्या फाइलीत टिपणी म्हणून लिहून ठेवा.

बॅकअप 'घेतला जातो' एवढं ऐकून पुढे जाऊ नका. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. तेव्हा उघड झालं की पीजी डंप ९.२ चं आणि सर्व्हर ९.६ चा असल्यामुळे रोजचे बॅकअप तयारच होत नव्हते, आणि त्याच्या सूचनेचे ईमेलही पोचत नव्हते. शेवटी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून डेटा परत आणला गेला. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर मांडलं.

तपासा: कालचा बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवून उघडा, 'ऑर्डर्स' मधल्या ओळी मोजा, आणि उतरवायला किती वेळ लागला तो लिहून ठेवा. तीच प्रत पुढच्या रंगीत तालमीला वापरा. पाचशे ओळींच्या स्टेजिंगवर मायग्रेशनला लागलेल्या वेळेवरून प्रॉडक्शनचा अंदाज बांधता येत नाही.

## ४. लॉकची रांग समजून घ्या

इथे सर्वांत जास्त जण अडखळतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

टेबलाची रचना बदलणाऱ्या 'ऑल्टर टेबल' या आज्ञेचे बहुतेक प्रकार 'ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह' लॉक मागतात. हा लॉक साध्या सिलेक्टशीही, म्हणजे नुसत्या वाचणाऱ्या क्वेरीशीही, जमत नाही. नवा रिकामा कॉलम जोडायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण त्याच वेळी कुणाचा वीस मिनिटांचा रिपोर्ट 'ऑर्डर्स' वाचत असेल, तर ऑल्टर त्याच्यामागे थांबतं. आणि ऑल्टरनंतर आलेली प्रत्येक क्वेरी, अगदी एका ओळीचं सिलेक्टसुद्धा, ऑल्टरच्या मागे रांगेत लागते. रिपोर्ट संपेपर्यंत टेबल बंद असल्यासारखंच. कनेक्शनं भरतात आणि ॲप कोसळतं. माझ्या हातून हे एकदा झालं आहे. तेव्हा रिपोर्टही कारण नव्हता: एकाने क्लायंटमध्ये ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या होणाऱ्या आज्ञांचा गट) उघडून, एक सिलेक्ट चालवून, ते तसंच सोडलं होतं. आम्ही डिस्क, नेटवर्क, सगळं तपासत बसलो आणि ते उघडं ट्रान्झॅक्शन सर्वांत शेवटी सापडलं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक ऑल्टरआधी 'लॉक टाइमआउट' लावा. त्याची मूळ किंमत शून्य असते, म्हणजे कितीही वेळ थांबायची तयारी. ती दोन-तीन सेकंदांवर आणा. तेवढ्यात लॉक मिळाला नाही तर ऑल्टर रद्द होईल, मागची रांग मोकळी होईल, आणि थोड्या वेळाने तुम्ही पुन्हा प्रयत्न कराल. मायग्रेशन पाचव्या खेपेला यशस्वी होणं यात काहीही कमीपणा नाही.

सावधान: मधे पीजी बाउन्सर (डेटाबेसची कनेक्शनं वाटून देणारं साधन) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल, तर नुसत्या 'सेट' चा भरवसा नाही, कारण पुढची आज्ञा दुसऱ्याच कनेक्शनवर जाऊ शकते. ट्रान्झॅक्शनच्या आत 'सेट लोकल' वापरा, किंवा मायग्रेशन थेट डेटाबेसला जोडून चालवा.

तपासा: सुरू करण्याआधी चालू कनेक्शनांची यादी दाखवणाऱ्या 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' मध्ये पाच मिनिटांहून जुनी ट्रान्झॅक्शनं आहेत का ते पाहा. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (उघडं ठेवून नुसतं बसलेलं) दिसलं तर त्या माणसाशी आधी बोला.

## ५. पहिला डिप्लॉय: फक्त जोडा

'रक्कम_पैसे' हा बिगइंट कॉलम जोडा. नॉट नल (नल म्हणजे रिकामं ठेवायला मनाई) नको, डिफॉल्ट (आपोआप भरायची किंमत) नको. पोस्टग्रेस ११ पासून स्थिर डिफॉल्टसह कॉलम जोडला तरी टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, त्यामुळे शून्य डिफॉल्ट देण्याचा मोह होतो. इथे तो टाळा. सगळीकडे शून्य दिसलं तर 'अजून भरलं नाही' आणि 'खरंच शून्य रुपये' यांतला फरक पुसला जातो. रिकामी ओळ म्हणजे बाकी असलेलं काम, ही खूण पुढे दोन पायऱ्यांत लागणार आहे.

इंडेक्स हवा असेल तर तो वेगळ्या फाइलमध्ये, 'क्रिएट इंडेक्स कॉन्करंटली' ने. ही आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून जँगोत त्या फाइलपुरतं 'अटॉमिक' बंद करावं लागतं, रेल्समध्ये 'डिसेबल डीडीएल ट्रान्झॅक्शन' लिहावं लागतं. ती मधेच तुटली तर मागे अवैध इंडेक्स उरतो. तो क्वेरीला मदत करत नाही, पण प्रत्येक लेखनाला भार देत राहतो. 'इफ नॉट एग्झिस्ट्स' लावून पुन्हा चालवलंत तर नाव आहे एवढंच पाहून पोस्टग्रेस पुढे जातं आणि तुम्हाला वाटतं काम झालं. अवैध इंडेक्स आधी काढा, मग नव्याने बनवा.

## ६. दुसरा डिप्लॉय: दोन्हीकडे लिहा

आता कोड असा बदला की प्रत्येक नवी आणि बदललेली ऑर्डर 'रक्कम' आणि 'रक्कम_पैसे' दोन्हींत लिहिली जाईल. वाचन अजून जुन्याकडूनच.

रूपांतराची रीत इथेच ठरवून टाका. बहुतेक भाषांत १९.९९ ला १०० ने गुणलं की १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं. पायथनमध्ये त्यावर 'इंट' लावलं तर दशांश छाटले जाऊन १,९९८ मिळतात. पोस्टग्रेस मात्र बिगइंट करताना जवळच्या पूर्णांकावर नेतं, म्हणून तिथे १,९९९. म्हणजे नव्या ऑर्डरी ॲपमधून एका हिशेबाने आणि जुन्या ओळी डेटाबेसमधून दुसऱ्या हिशेबाने भरल्या जातात, एका पैशाच्या फरकाने. ज्या दोषासाठी हा सगळा खटाटोप, तोच नव्या कॉलममध्ये शिरतो. दोन्हीकडे आधी दशमान प्रकारात न्या, मग १०० ने गुणा, मग पूर्णांक करा. पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक, पायथनमध्ये आधी मजकूर करून मग डेसिमल.

टेबलात लिहिणारी ॲप्स एकाहून जास्त असतील, किंवा सपोर्टची माणसं हाताने दुरुस्त्या करत असतील, तर ट्रिगर जास्त खात्रीचा. फक्त तो नेहमीच 'रक्कम' वरून 'रक्कम_पैसे' काढत राहिला, तर पुढे कोड थेट पैशांत लिहायला लागेल तेव्हा ट्रिगर ती किंमत दामटून जुन्यावरून काढलेली ठेवेल. ट्रिगर कुठल्या पायरीला बदलायचा आणि कुठल्या पायरीला काढायचा, हे आजच लिहून ठेवा.

तपासा: शेवटचा जुना प्रोसेस बंद झाला का? वेब सर्व्हर पाहून थांबू नका. सेलरी किंवा साइडकिकचे वर्कर, क्रॉनचं मशीन, सगळं. ही खात्री झाल्याशिवाय पुढची पायरी सुरू करायची नाही.

## ७. जुन्या ओळी भरा, तुकड्यातुकड्यांत

क्रम उलटा झाला, म्हणजे आधी जुनं भरलं आणि मग दोन्हीकडे लिहिणं सुरू केलं, तर मधल्या वेळात आलेल्या ऑर्डरी रिकाम्या राहतात. आणि मधल्या वेळात ज्यांची रक्कम बदलली, त्या ओळींत जुनीच पैशांची किंमत राहते. रिकाम्या निदान दिसतात. चुकीच्या भरलेल्या दिसत नाहीत.

एकाच अपडेटने सगळं टेबल भरू नका. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक अपडेट ओळीची नवी प्रत लिहितो आणि जुनी प्रत व्हॅक्यूम ही साफसफाई येईपर्यंत तिथेच राहते. म्हणजे टेबल साधारण दुप्पट फुगतं, बदललेल्या सगळ्या ओळी शेवटपर्यंत लॉक राहतात, आणि रेप्लिका (डेटाबेसची मागोमाग चालणारी प्रत) मागे पडते. प्रायमरी कीच्या (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख ठरवणाऱ्या कॉलमच्या) पट्ट्या पाडा, एका वेळी पाच हजार ओळी, प्रत्येक पट्टीनंतर कमिट (बदल पक्का करणं) आणि थोडा विसावा. पाच हजार हा सुरुवातीचा आकडा आहे. रेप्लिकाची पिछाडी पाहून तो कमीजास्त करा.

अट 'रक्कम_पैसे इज नल' अशीच ठेवा, म्हणजे स्क्रिप्ट मधेच तुटली तरी पुन्हा पहिल्यापासून चालवता येते. हिशेब अपडेटच्या आतच करा. ओळी आधी ॲपमध्ये वाचायच्या, तिथे गुणाकार करायचा आणि मग परत लिहायच्या, असं केलंत तर त्या दोन क्षणांमध्ये ग्राहकाने केलेला बदल तुमच्या शिळ्या आकड्याखाली जातो.

सावधान: हे काम मायग्रेशनच्या फाइलीत घालू नका. डिप्लॉय तासभर लटकून राहील. वेगळी स्क्रिप्ट लिहा, तिचा नोंदवहीसारखा लॉग ठेवा.

## ८. पडताळणी, मग नॉट नल

दोन्ही कॉलम जुळतात का ते मोजा. तुलना '<>' ने केली तर रिकाम्या ओळी निसटतात, कारण नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर खरंही नसतं आणि खोटंही नसतं. 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' वापरा. उत्तर शून्य आलं पाहिजे. आज शून्य आलं तरी दोन दिवस रोज एकदा मोजा, विशेषतः महिनाअखेरचं एखादं काम मधे येत असेल तर ते होऊन जाऊ द्या. विसरलेला लेखक अशाच वेळी सापडतो.

मगच नॉट नल लावा, आणि तेही थेट नाही, कारण थेट लावताना सगळं टेबल तपासलं जाईपर्यंत तो जड लॉक धरून ठेवला जातो. पोस्टग्रेस १२ पासून ही वाट आहे: 'रक्कम_पैसे रिकामं नाही' असं चेक बंधन 'नॉट व्हॅलिड' म्हणून जोडा, दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये ते 'व्हॅलिडेट' करा, मग 'सेट नॉट नल', आणि शेवटी चेक काढून टाका. व्हॅलिडेट चालू असताना वाचन-लेखन दोन्ही सुरू राहतं, आणि वैध चेक दिसला की सेट नॉट नल टेबल पुन्हा वाचत नाही. जोडणं आणि व्हॅलिडेट करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातलंत तर जोडतानाचा लॉक शेवटपर्यंत राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. फॉरेन कीसाठीही (दुसऱ्या टेबलाच्या ओळीशी जोडणाऱ्या बंधनासाठीही) 'नॉट व्हॅलिड' ची हीच रीत.

## ९. तिसरा डिप्लॉय: वाचन नव्याकडे

कोड आता 'रक्कम_पैसे' वाचेल, लेखन दोन्हीकडे तसंच. काही बिघडलं तर मागचा कोड परत आणता येतो, कारण जुना कॉलम अजून ताजा आहे. घाई करून इथेच जुनं लेखन बंद केलं, तर ही परतीची वाट बंद होते. किमान एक पूर्ण कामाचा आठवडा थांबा. दुसऱ्या पायरीत सापडलेले रिपोर्ट आणि डॅशबोर्ड याच काळात बदलून घ्या.

## १०. चौथा डिप्लॉय: जुनं लेखन थांबवा

'रक्कम' सारखा कॉलम बहुधा मुळात नॉट नल असतो. कोडने त्यात लिहिणं बंद केलं की पहिलीच ऑर्डर एररने परत येते. म्हणून आधी जुन्या कॉलमचं नॉट नल काढा, मग कोड सोडा. स्टेजिंगवर हे निसटायचं कारण नाही, तरी निसटतं, कारण तिथे कॉलम काढण्याची फाइल बऱ्याचदा त्याच वेळी चालवलेली असते.

ट्रिगर लावला असेल तर तोही कोड सोडण्याआधी काढा.

## ११. शेवटी कॉलम काढा

ओआरएम (कोडमधून टेबलं हाताळणारी लायब्ररी) सुरू होताना कॉलमांची यादी लक्षात ठेवतं आणि काढलेला कॉलम मागत राहतं. रेल्समध्ये तो आधी 'इग्नोर्ड कॉलम्स' मध्ये घालून एक डिप्लॉय करावा लागतो. जँगोत मॉडेलमधून फील्ड काढलेला कोड सगळीकडे पोचल्यावरच डेटाबेसमधला कॉलम काढा. जँगो दोन्ही एकाच मायग्रेशनमध्ये सुचवतं, ते 'सेपरेट डेटाबेस अँड स्टेट' ने तोडता येतं.

सावधान: कॉलम काढण्याला रोलबॅक नाही. उलट्या मायग्रेशनने कॉलम परत येतो, डेटा येत नाही. प्रायमरी की आणि 'रक्कम' एवढेच दोन कॉलम फाइलमध्ये काढून ठेवा. काढून लगेच डिस्क मोकळी होत नाही, त्याने घाबरू नका.

## फंक्शन आणि व्ह्यू बदलताना

यांची प्रत्येकी एकच फाइल ठेवा आणि तीच बदलत राहा. फ्लायवे आणि लिक्विबेस दोन्हींत फाइल बदलली की ती पुन्हा चालवण्याची सोय आहे. त्यामुळे पुल रिक्वेस्टमध्ये नेमक्या बदललेल्या ओळी दिसतात. लागू झालेल्या फाइलीला हात न लावण्याचा पहिल्या पायरीतला नियम टेबलांच्या मायग्रेशनसाठी आहे, यांच्यासाठी नाही.

'क्रिएट ऑर रिप्लेस' फंक्शनला एक पॅरामीटर वाढवला तर जुनं फंक्शन बदलत नाही, त्याच नावाचं दुसरं तयार होतं, आणि जुना कोड जुन्यालाच बोलावत राहतो. डिप्लॉय चालू असताना हे सोयीचंच आहे, फक्त नंतर जुनं काढायची फाइल आजच लिहा. व्ह्यूमध्ये रिप्लेसने नवे कॉलम फक्त शेवटी जोडता येतात.

## मायएसक्यूएल वापरत असाल तर

वरचा क्रम तसाच लागू आहे, पण एक आधार नाही. पोस्टग्रेसमध्ये फाइलमधली तिसरी आज्ञा फसली तर पहिल्या दोन मागे घेता येतात. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक ऑल्टरबरोबर आपोआप कमिट होतं, त्यामुळे फाइल अर्धी लागू राहते. एका फाइलीत एकच बदल ठेवा. ८.०.१२ पासून कॉलम जोडणं 'इन्स्टंट' होऊ शकतं. 'अल्गोरिदम इन्स्टंट' असं स्पष्ट लिहिलं तर ते जमत नसल्यास एरर येते आणि टेबलाची गुपचूप नक्कल सुरू होत नाही. मोठ्या टेबलाचा प्रकारच बदलायचा असेल तर जीएच-ओएसटी किंवा पर्कोनाचं ऑनलाइन स्कीमा चेंज साधन घ्या. दोन्ही साधनं टेबलाची प्रत बनवून शेवटी नावांची अदलाबदल करतात. त्यासाठी डिस्कवर टेबलाएवढी जागा मोकळी आहे का, ते सुरू करण्याआधी पाहा.

तिकीट पहिल्या डिप्लॉयला उघडा आणि अकराव्या पायरीनंतरच बंद करा. ते सहाव्या-सातव्याला बंद झालं की 'रक्कम' कॉलम तसाच राहतो, आणि वर्षभराने नवा आलेला सहकारी त्यावर रिपोर्ट लिहून मोकळा होतो.